शृंगार पात्रांतून यावा

प्रणयकादंबरीत शृंगाराची वर्णने कमी केली तर वाचक टिकत नाही, असे अनेकदा म्हटले जाते, पण हे मत मला मान्य नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगाराचे संभोग (मिलनाचा) आणि विप्रलंभ (विरहाचा) असे दोन भेद सांगितले आहेत, आणि कादंबरीसारख्या दीर्घ प्रकाराला दुसराच अधिक काळ तोलून धरतो, कारण ओढ अपुरी असते तोवरच पात्रांना निर्णय घ्यावे लागतात. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये दोघे रोज समोरासमोर उभे असतात, घणसोलीच्या गर्दीत तिच्या खांद्यावरून घसरणारी पर्स तो सावरतो आणि ती मागे सरत नाही, एवढ्यावर एक प्रकरण उभे राहू शकते. मात्र ती का सरत नाही, तिच्या घरी काय चालले आहे, पगारातून घराचा हप्ता किती जातो, हे लेखिकेला पक्के माहीत हवे. (नायकाला बहुतेक वेळा नुसते देखणे करून सोडून दिले जाते, याचे मला फार वाईट वाटते.) नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांनी असे प्रसंग शक्यतो एका बैठकीत पूर्ण करावेत, कारण मध्ये खंड पडला की संवादांचा सूर बदलतो आणि तो पुन्हा जुळवणे कठीण जाते.