सेव्हिंग अकाउंट कुठे उघडू, जास्त व्याज की भरवशाची बँक?

मदत हवी आहे. अडीअडचणीसाठीचे पैसे ठेवायला वेगळं सेव्हिंग अकाउंट उघडायचंय. एफडी, लिक्विड फंड सुचवू नका प्लीज, रात्री-अपरात्री पण लगेच काढता आले पाहिजेत. रक्कम व्याज धरून 5 लाखांच्या आतच राहील म्हणजे डीआयसीजीसीच्या (बँकेतल्या ठेवींना विमा देणारी आरबीआयची संस्था) विम्यात बसते.

मोठ्या सरकारी बँकांचं व्याज फारच कमी, स्मॉल फायनान्स बँका जास्त देतात पण रेट चार्ट नीट वाचला तर जाहिरातीतला मोठा दर बऱ्याचदा वरच्या स्लॅबलाच असतो, खालच्या रकमेला कमीच. मिनिमम बॅलन्स, नेट एनपीए (तरतूद वजा करून उरलेली बुडीत कर्जं), कॅपिटल अ‍ॅडिक्वसी (तोटा झेलायला बँकेकडे किती भांडवल आहे) सगळं बघून झालं, तरी ठरत नाहीये.

खरी काळजी अशी की विमा असला तरी आरबीआयने निर्बंध घातले तर ते पैसे हातात यायला 90 दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि हे पैसे तर अडचणीसाठीच ठेवलेत. त्यामुळे थोडे सरकारी बँकेत आणि बाकी जास्त व्याजाच्या बँकेत असं डोक्यात आहे.

ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा, किती भाग कुठे ठेवलात? आणि बँक डळमळायला लागलीये हे तिमाही निकालातल्या नेमक्या कुठल्या आकड्यावरून आधी कळतं?