जुन्या मराठी नियतकालिकांसाठी शोधयंत्रणा: निकालांची यादी, फिल्टर की थेट उत्तर?

संदर्भ_विभाग_दादर (प्रश्न)

नमस्कार. मुंबईतील एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात मी संदर्भ विभाग सांभाळते. १८९० ते १९६० या काळातील मराठी मासिके आणि साप्ताहिके आम्ही स्कॅन करून घेतली आहेत, त्यांचे ओसीआरही (प्रतिमेतील छापील अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येण्याजोगा मजकूर बनवणे) झाले आहे, आणि हा संग्रह वाचकांना घरबसल्या धुंडाळता यावा यासाठी शोधयंत्रणा निवडण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.

पेच असा आहे की आमच्या कार्यकारी मंडळातील बहुतेकांना आता शोध म्हणजे तयार उत्तर असेच वाटते. शब्द टाकावेत, दुव्यांची यादी यावी आणि त्यांतून आपण निवडावे, ही रीत इतकी वर्षे सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलचे एआय ओव्हरव्ह्यू भारतात आले, दुव्यांच्या वर तयार परिच्छेद दिसू लागला, आणि तेव्हापासून ‘आपल्या संग्रहालाही असे का करता येऊ नये’ हा विषय बैठकीत वारंवार निघतो. एका पुरवठादाराने तसे प्रात्यक्षिकही दाखवले. मराठीत प्रश्न विचारला की पाच-सहा ओळींचे सफाईदार उत्तर येते आणि त्याखाली अंकांची नावे दिसतात. सभासद खूश झाले. माझे समाधान झाले नाही, पण का झाले नाही हे मला नेमके मांडता येत नाही.

आमच्याकडे येणारे वाचक एका प्रकारचे नाहीत. कोणाला ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंकच हवा असतो. कोणी पणजोबांचे नाव कुठे छापून आले होते का, हे पाहायला येतो. एखादी विद्यार्थिनी गिरणगावातील चाळींवर प्रबंध लिहीत असते आणि आपण नक्की काय विचारायचे हे तिला स्वतःलाही सुरुवातीला ठाऊक नसते. या सगळ्यांना एकच शोधपान पुरेल का? आणि प्रामुख्याने इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून घडलेल्या या नव्या यंत्रणा आमच्या जुन्या मराठीपुढे टिकतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अनुक्रमणी_पवई

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत: वाचकाला दिसणारे पान आणि त्यामागे पाने शोधून आणणारे यंत्र. मंडळाने पानावरून निवड केली आहे. माझ्या मते आधी यंत्र तपासावे. परिच्छेदात उत्तर देणाऱ्या आजच्या बहुतेक प्रणाली २०२० च्या सुमारास रूढ होऊ लागलेल्या पद्धतीने चालतात. आधी संग्रहातून प्रश्नाशी संबंधित उतारे शोधायचे, मग ते भाषा-प्रारूपाच्या, म्हणजे पुष्कळ मजकुरावर शिकून स्वतः वाक्ये लिहिणाऱ्या संगणकप्रणालीच्या, पुढ्यात ठेवून त्यांच्या आधारे उत्तर लिहून घ्यायचे. योग्य उतारा पहिल्या टप्प्यात सापडला नाही, तर दुसऱ्या टप्प्याकडे दोनच मार्ग उरतात. एक तर ‘माहिती नाही’ म्हणायचे, नाही तर प्रारूपाने इतरत्र वाचलेल्या मजकुरातून जागा भरून काढायची. दुसरा मार्ग अधिक घातक, कारण त्याची भाषाही तितकीच सफाईदार असते.

पहिल्या टप्प्यासाठी आज दोन घराणी आहेत. एक शब्द जुळवणारे. जो शब्द संग्रहात विरळ, त्याचे वजन अधिक, हा संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेला विचार निकालांना गुण देणाऱ्या बीएम-२५ या सूत्रात आजही काम करतो. दुसरे अर्थ जुळवणारे. यात प्रश्न आणि उतारा दोन्ही आकड्यांच्या मालिकेत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, रूपांतरित करून त्यांतील जवळीक मोजतात. २०१८ मध्ये गूगलचे बर्ट हे भाषा-प्रारूप आले आणि या दिशेला वेग आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने ते आपल्या शोधात आणले, तेव्हा अमेरिकेतील इंग्रजी शोधांपैकी सुमारे दहातील एकावर त्याचा परिणाम होईल असे जाहीर केले होते.

आता आपल्या संग्रहाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. म्हणजे आपला बहुतेक सर्व मजकूर त्याआधीच्या लेखनपद्धतीत आहे. तिथे ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘करावें’ असे छापलेले असते, आणि आजचा वाचक ‘काही’, ‘नाही’, ‘करावे’ लिहितो. शब्द जुळवणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हे वेगळे शब्द आहेत. सगळे अनुस्वार सरसकट काढून टाकण्याचा उपाय सुचेल, पण मग ‘वंश’ आणि ‘वश’ एक होतात; म्हणून मूळ रूप आणि सुधारित रूप दोन्ही अनुक्रमणिकेत (कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची यंत्राने ठेवलेली यादी) ठेवावीत आणि मूळ रूप जुळल्यास त्याला थोडे झुकते माप द्यावे. त्यात विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये आहेत: गिरणी, गिरण्यांमध्ये, गिरणीतल्या. ल्यूसीन या खुल्या शोध-सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या प्रणालींत हिंदीसाठीचा तयार विश्लेषक, म्हणजे शब्दांची मूळ रूपे काढणारा भाग, मिळतो आणि लिपी एकच असल्यामुळे तोच मराठीला लावण्याचा मोह पुरवठादारांना होतो. हिंदीचे प्रत्यय छाटणारा तो विश्लेषक मराठी सामान्यरूपाचे काय करील हे सांगण्याची गरज नसावी. त्यापेक्षा शब्दाचे चार-चार किंवा पाच-पाच अक्षरचिन्हांचे सलग तुकडे करून तेही अनुक्रमणिकेत घालणे सोपे पडते. प्रत्यय बदलला किंवा ओसीआरने एखादे अक्षर चुकवले, तरी उरलेले तुकडे जुळतात.

युनिकोडमधील, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीतील, खाचखळगेही पाहून घ्यावेत. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर म्हणूनही लिहिले जाते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. ‘ऱ्हास’मधील अर्ध्या रफाराचेही तसेच. हे सर्व एका रूपात आणणे काही ओळींचे काम आहे, पण ते आपोआप होईल असे गृहीत धरू नये.

अर्थ जुळवणाऱ्या यंत्राचा उपयोग कुठे होईल? वाचक ‘प्लेग’ लिहितो आणि १८९७ चा लेखक ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणतो, अशा ठिकाणी. मात्र मराठीसाठी उपलब्ध असलेली प्रारूपे, उदाहरणार्थ पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचे महाबर्ट, मुख्यतः आजच्या मजकुरावर शिकलेली आहेत. जुन्या लेखनपद्धतीत ओसीआरच्या चुका मिसळल्या की त्यांचे अंदाज डळमळतात. म्हणून दोन्ही घराणी एकत्र चालवावीत. २००९ मध्ये सुचवलेली एक साधी रीत अजून उत्तम चालते: प्रत्येक यादीतील क्रमांकात ६० मिळवायचे, १ ला त्या बेरजेने भागायचे, आणि दोन्ही याद्यांतून आलेले गुण एकत्र करून नवा क्रम लावायचा. पुरवठादार हे करतो का, एवढे एक विचारले तरी त्याची तयारी कळेल.

गिरणगाव_वाचन

आपण लिहिलेल्या तिसऱ्या प्रकारात मी मोडतो, म्हणून वाचकाच्या बाजूने लिहितो. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक मार्शिया बेट्स यांनी १९८९ मध्येच दाखवून दिले होते की माणसे एकदा प्रश्न विचारून एकदा उत्तर घेत नाहीत. एक तुकडा सापडतो, त्याने प्रश्न बदलतो, मग दुसरीकडे दुसरा तुकडा मिळतो. १९२८ च्या गिरणी संपावर वाचू लागलो की खाणावळींच्या जाहिराती दिसतात, त्यांतून उधारीचा विषय निघतो आणि शेवटी वेगळ्याच सदरात आपण तासभर रमतो. तयार परिच्छेद हे वळण येऊच देत नाही. प्रश्न जसा विचारला तसाच तो मिटवून टाकतो.

यादीपेक्षा पुढचे काही हवे असेल तर मला गाळण्या, म्हणजे फिल्टर, हव्यात: नियतकालिक, वर्ष, आणि लेख, जाहिरात, वाचकांचा पत्रव्यवहार असा मजकुराचा प्रकार. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये मांडलेला क्रम, म्हणजे आधी पूर्ण आवाका, मग गाळणी, मग मागितल्यावर तपशील, जुन्या कागदपत्रांना आजही चपखल बसतो. वर्षनिहाय आलेख द्याल तर एक काळजी घ्या. १९३० साली एखादा शब्द पुष्कळ दिसतो, याचे कारण त्या वर्षाचे अंक जास्त स्कॅन झाले एवढेच असू शकते. त्यामुळे त्या वर्षीची किती पाने संग्रहात आहेत हेही शेजारी दिसले पाहिजे. कोणते अंक गहाळ आहेत याची यादी तर शोधपानावरच असावी. यंत्राने ‘उल्लेख आढळला नाही’ असे सांगितले, तर मजकूर नाही, अंक नाही की ओसीआर फसले आहे, यांतले काय समजायचे?

तयार उत्तराखाली दिलेल्या संदर्भांवर विसंबण्यापूर्वी एक आकडा मंडळापुढे ठेवावा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये त्या वेळच्या तयार उत्तर देणाऱ्या चार शोधयंत्रांची तपासणी केली, तेव्हा उत्तरांतील सरासरी ५१.५ टक्के वाक्यांनाच दिलेल्या संदर्भांचा पूर्ण आधार होता. यंत्रे तेव्हापासून सुधारली आहेत हे मान्य; पण तो निकाल इंग्रजीचा होता आणि मजकूर आजच्या वेबवरचा होता. आपली पाने शंभर वर्षांपूर्वीची आहेत. अंकाचे नुसते नाव म्हणजे संदर्भ नव्हे. पानाची प्रतिमा उघडली पाहिजे आणि त्यावर तो शब्द रंगवलेला दिसला पाहिजे.

संदर्भ_विभाग_दादर

दोघांचेही आभार. अक्षरतुकड्यांचा मुद्दा मी टिपून ठेवला आहे, आणि गहाळ अंकांची यादी आमच्याकडे वहीत तयारच आहे. एक शंका उरते. आमचे निम्म्याहून अधिक सभासद ज्येष्ठ आहेत. ते मोबाईलवर पाहतात, काही जण बोलून शोधतात, काही जण मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात. गाळण्यांची भली मोठी पट्टी त्यांना झेपेल असे वाटत नाही. संभाषणाची पद्धत त्यांच्यासाठी तरी सोयीची नाही का?

पश्चिम_उपनगर

मी ॲपच्या पडद्यांची रचना करतो, आणि संभाषणाच्या बाजूने थोडे बोलतो, कारण वरच्या प्रतिसादांत त्याला जरा जास्तच झोडपले गेले आहे. संभाषणाने उत्तरच दिले पाहिजे असे कुठे आहे? प्रश्न नीट विचारून घेण्यासाठीही ते वापरता येते, आणि आपल्या ज्येष्ठ सभासदांना तेच उपयोगी पडेल. समजा, एकाने ‘सीएसएमटीच्या इमारतीविषयी’ असे बोलून विचारले. स्थानकाचे नाव १९९६ मध्ये बदलले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आले. आपल्या अंकांत मात्र ‘बोरीबंदर’ आणि ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’च असणार. यंत्राने ही नावे बोटाने दाबण्याच्या चकत्यांसारखी दाखवावीत, प्रत्येकीसोबत किती पाने आहेत ते लिहावे, आणि वाचकाने नको ती काढून टाकावी. गाळण्याच त्या, फक्त एकेक करून समोर आलेल्या.

वाचकाच्या शब्दाला अशी दुसरी नावे जोडणे लपवून करू नये, यावर मी ठाम आहे. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. कोणी ‘प्रभादेवी स्थानक’ शोधले तर जुने नाव जोडणे योग्य. पण ‘एल्फिन्स्टन रोड’ शोधणाऱ्याला गुपचूप ‘प्रभादेवी’ जोडून दिले, तर १९२० च्या अंकांतून देवळाची आणि त्या वस्तीची पाने येऊन पडतील, ज्यांचा स्थानकाशी काही संबंध नाही. जोडलेला शब्द दिसत असेल तर वाचक स्वतःच तो वगळेल.

रोमन लिपीचा प्रश्न लिप्यंतराने सुटतो. एका टंकनातून दोन-तीन देवनागरी पर्याय सुचवावेत आणि ते संग्रहात खरोखर आढळणाऱ्या शब्दांमधूनच निवडावेत. सारांश द्यायचाच असेल तर तो वाचकाने एखादा लेख उघडल्यानंतर, त्या एकाच लेखाचा, मूळ पानाच्या शेजारी द्यावा. तिथे चूक झाली तरी ती लगेच ताडून पाहता येते. संपूर्ण संग्रहावर आधारलेले उत्तर मात्र मी पहिल्या टप्प्यात तरी ठेवणार नाही.

अनुक्रमणी_पवई

हे पटते. फक्त निवड प्रात्यक्षिकावरून करू नये, म्हणून चाचणीविषयी थोडे लिहितो. शोधयंत्रांची तुलना कशी करावी याची घडी अमेरिकेत १९९२ पासून ट्रेक या उपक्रमाने बसवली आणि भारतीय भाषांसाठी २००८ पासून फायर या उपक्रमाने ती चालवली. फायरच्या मराठी संचात ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’मधील बातम्या आहेत, म्हणजे भाषा आजची. त्यावर मिळालेले गुण पुरवठादाराने दाखवले तरी आपल्या कामाचे ते नाहीत.

आपल्या संदर्भ विभागाच्या नोंदवहीतून वाचकांनी खरोखर विचारलेले पन्नासेक प्रश्न काढावेत, तिन्ही प्रकारच्या वाचकांचे. प्रत्येक यंत्रणेचे पहिले वीस निकाल एकत्र मिसळावेत आणि कोणता निकाल कोणाचा हे न सांगता दोन सहकाऱ्यांकडून उपयोगी की निरुपयोगी अशी खूण करून घ्यावी. दोघांचे जिथे जुळत नाही ते आपण पाहावे. असे निकाल पुष्कळ निघतील, आणि त्यावरून वाचकांच्या गरजांबद्दलही बरेच कळेल. या पन्नासांत आपल्या संग्रहात ज्यांचे उत्तर नाहीच असे काही प्रश्न जरूर घालावेत, म्हणजे उत्तर लिहिणारे यंत्र तिथे गप्प बसते की गोष्ट रचते ते दिसेल. दुरुस्त केलेला मजकूर आणि अनुक्रमणिका उघड्या स्वरूपात ग्रंथालयाकडेच राहतील, हे करारात लिहून घ्यावे. ओसीआर सुधारत जाईल, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संकेतस्थळाप्रमाणे वाचकही चुका दुरुस्त करू शकतील, आणि तेव्हा सगळी अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागेल. तिचा खर्च कोणाकडे, हेही त्यातच ठरावे. आणि ते पन्नास प्रश्न चाचणीच्या दिवसापर्यंत पुरवठादाराच्या हाती पडू देऊ नयेत.