नापाला जुनं हॉटेलच घ्या, पण कॅलिस्टोगात

सासू-सासरे आणि लहान मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या नापाच्या खोऱ्यात जुन्या हॉटेलात राहावं की नव्या चेन हॉटेलात, असं तुम्ही विचारलंय. मी जुन्याच्या बाजूने, आणि तेही त्याच खोऱ्यातल्या कॅलिस्टोगा गावात. तिथे जमिनीखालून गरम पाणी येतं, १८६० च्या दशकापासून लोक त्यासाठीच येतात. त्यामुळे वाइन न पिणाऱ्यांनाही कंटाळा येत नाही.

आम्ही ऑक्टोबरात आई-बाबांना नेलं होतं. खोली साधीच. लाकडी जमीन पावलागणिक कुरकुरायची, शॉवरला गरम पाणी यायला वेळ लागायचा. पण सकाळच्या गारठ्यात वाफाळत्या तलावात आई गळ्यापर्यंत बुडून बसली ती बाहेर यायलाच तयार नाही! "अगदी वज्रेश्वरीच गं," म्हणाली. गुडघ्यांना इतका आराम पडलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

बुकिंगआधी फोन करून तळमजल्याची खोली मागाच, जुन्या इमारतींत बऱ्याचदा लिफ्ट नसते. गरम पाण्यात मुलांना सोडतात का, तेही विचारा. वायनरीतही सगळीकडे मुलं चालत नाहीत. त्यांना जवळच्या बोथी-नापा व्हॅली स्टेट पार्कात रेडवुडच्या सावलीत मनसोक्त हुंदडू द्या.