भांडणापेक्षा गप्प बसणं जास्त महागात पडतं

एका भाऊंनी लिहिलंय की निवडणूक आली की चर्चागटात भांडणं होतात, म्हणून राजकारणाचा विषयच बंद ठेवावा. मला हे अजिबात पटत नाही.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आमचा चर्चागट दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात बसायचा. 2024च्या विधानसभेच्या वेळी दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तरी गट मोडला नाही. मोडायला आला तो निकालानंतर, जेव्हा कुणी काही बोलेचना. गटातले आबा दाराशी चहाचा कप धरून बसायचे आणि म्हणायचे, "बोलीसन काय फायदा?" वीसातले सहा उरलो.

मग एका शनिवारी पक्ष बाजूला ठेवून पाडळसरे धरणाचा विषय घेतला. 1990च्या दशकात सुरू होऊन रखडलेलं काम, तापी उशाशी आणि शेत कोरडं. आबांनी कप खाली ठेवला आणि पाऊण तास बोलले! पुढच्या वेळी ते दोघे चुलतभाऊही आले, वेगवेगळ्या बाकांवर का होईना.

नियम एकच केला: समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं सांगायचं, मगच खोडायचं. चिडलेला माणूसही यात थांबतो, कारण आधी ऐकावं लागतं.

1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याच खान्देशात आपण राजकारणावर बोलायचं नाही म्हणे! भाऊ, तुमच्या गटात पुढच्या बैठकीला कापसाच्या भावाचा विषय घेऊन बघा.