मालक की कारभारी?

‘मुलं देवाच्या स्वाधीन केली की बापाने काळजी सोडावी’ असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. बायबलमधल्या एली याजकाला आपल्या मुलांचे उद्योग ठाऊक होते, तो त्यांना बोललाही, पण त्याने त्यांना आवरलं नाही आणि देवाने दोष त्याच्यावर ठेवला (१ शमुवेल ३:१३). स्वाधीन करणं म्हणजे अंग काढून घेणं नव्हे. गावाकडे नवऱ्याला ‘मालक’ही म्हणतात आणि ‘कारभारी’ही. १ करिंथ ४:२ मध्ये प्रेषित पौलाने विश्वासूपणा मागितलाय तो कारभाऱ्याकडे, म्हणजे दुसऱ्याचं सांभाळणाऱ्याकडे. मुलं देवाची, बाप त्यांचा कारभारी.

मला हे उशिरा कळलं. थोरल्याने बारावीनंतर सायन्स सोडलं तेव्हा मी दोन महिने त्याच्याशी धड बोललो नव्हतो. रोज प्रार्थना एकच, ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे.’ एका रात्री तो झोपलेला असताना डोक्यावर हात ठेवला आणि तोंडून निघालं, ‘मला दे.’ सकाळी चहाच्या वेळी त्याची माफी मागितली. बापाने मुलाची माफी मागायची रीत आमच्या घरात नव्हती. तो काही बोलला नाही, फक्त बटरची बशी माझ्याकडे सरकवली.