स्थानिक मंडळीचे (चर्चचे) ध्येय काय असावे?

(सोलापुरातील एका ख्रिस्ती मंडळीतल्या तिघांची चर्चा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या वस्तीचे नाव दिले आहे.)

सात रस्ता : आमच्या मंडळीच्या पंचांनी पुढील काही वर्षांच्या ध्येयाचा मसुदा केला आहे. त्यात सभागृहाचा विस्तार, आरोग्य शिबिरे आणि शाळकरी मुलांसाठी सायंकाळचा अभ्यासवर्ग ही कामे सविस्तर आहेत. उपासना आणि वचनाचे शिक्षण मात्र शेवटच्या एका ओळीत उरकले आहे. हा क्रम मला मान्य नाही. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये 2:42 प्रमाणे पहिली मंडळी प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांत तत्पर होती. आरोग्य शिबिर डॉक्टरांची संघटनाही भरवील. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, मंडळीवाचून कोण देणार? अमेरिकन बोर्ड या प्रोटेस्टंट मिशनरी संस्थेचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की, शाळा हे साधन असून आपला कारभार, आपला खर्च आणि सुवार्ताप्रसार स्वतः सांभाळणारी एतद्देशीय मंडळी हे साध्य आहे. त्याच बोर्डाच्या मिशनचे आपण सोलापुरातील वारस आहोत. पाळकांचे वेतन आपल्या दशमांशातून (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या दानातून) पूर्ण निघते का, हा प्रश्न मसुद्यात कुठेच नाही.

विडी घरकुल : सलाम. आपण 42 व्या वचनापाशीच थांबलात. तीनच वचने पुढे तीच मंडळी आपली मालमत्ता विकून ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून देते. अँडरसन यांचे शाळांविषयीचे धोरण त्या काळीही सर्वांना पटले नव्हते, आणि सोलापुरात मिशनने पुढे बालवाडीच्या शिक्षिका घडवल्या, त्या काही उपासना विसरून नव्हे. आमच्याकडे एकाच खोलीत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते, कारण उद्या कारखान्यात हजारभर विड्या द्यायच्या असतात. शेजारी टीव्ही चालू असतो आणि दहावीतला मुलगा उंबऱ्यावर बसून गणिते सोडवतो. त्याच वेळी चर्चमधले पंखे आणि दिवे कुलपाआड असतात. उघड्या आणि उपाशी भावाला नुसते ‘सुखाने जा’ म्हणण्याने काय लाभ, असे याकोब बायबलमधील आपल्या पत्रात विचारतो. त्याला काय उत्तर द्यायचे?

होटगी रोड : दोघेही मंडळी म्हणजे नोंदवहीतले सभासद असे धरून बोलत आहात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. अभ्यासवर्गाला शेजारच्या पद्मशाली (हिंदू विणकर समाजाच्या) घरातली मुले आली, तर ती आपली की पाहुणी, एवढे तरी मसुद्यात स्पष्ट असावे.

सात रस्ता : मुले कोणाचीही असोत, येऊ द्यावीत, माझा आक्षेप त्याला नाही. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्याच सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी वचनाची सेवा सोडून पंगतीची व्यवस्था पाहण्यास नकार दिला आणि त्या कामासाठी सात जण निवडायला सांगितले. आपल्याकडे शिबिराचा मंडप, वर्गाची हजेरी आणि वीजबिल हे सगळे पाळकांच्याच गळ्यात पडते, आणि मग रविवारचा उपदेश शनिवारी रात्री उशिरा तयार होतो. तो कसा होतो, हे आपण सर्वच ऐकतो.

विडी घरकुल : मग सात जण निवडा, वर्ग का वगळता? त्या सातांपैकी स्तेफनानेच पुढे यहुदी धर्मसभेपुढे एवढे मोठे भाषण केले, म्हणजे वाढणारे हात वचनापासून दूर नव्हते. फक्त निवड पंचांच्या बैठकीत न होता वार्षिक सभेत व्हावी, आणि त्यांत विड्या वळणाऱ्या दोन तरी स्त्रिया असाव्यात.

सात रस्ता : वार्षिक सभा मान्य. अभ्यासवर्ग तिसऱ्या कलमात जाईल. पहिले कलम उपासनेचे आणि दुसरे पाळकांच्या वेतनाचे. यावर मात्र मी अडून बसणार आहे.