लॅपटॉप वॉरंटीत द्यायचाय, आतल्या डेटाचं काय करू?

सायली_ठाणे
विंडोज ११ होम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (डेटा साठवणारी पट्टीसारखी डिस्क). चार्जिंग बंद पडलंय, बॅटरी ३८ टक्के उरलीय. सर्व्हिस सेंटर म्हणतं मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि पासवर्डही मागतंय. परवा पिकअप आहे. आत घरच्यांची आधार-पॅन, क्लायंटचा टॅली (हिशेबाचा) डेटा. सगळं डिलीट करून देऊ का?

पेचकस
डिलीट करण्यात बॅटरी घालवू नका. फोल्डर गेले तरी ब्राउझरमधले पासवर्ड आणि मेलच्या प्रती मागे राहतातच.

आधी सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरच्या डेटाला कुलूप) चालू आहे का बघा. चालू असेल तर फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. अकाउंटमध्ये जुन्या लॅपटॉपची कीसुद्धा दिसते, म्हणून डिव्हाइसचं नाव जुळवूनच उतरवा. मदरबोर्डबरोबर टीपीएम चिप (या कुलुपाची किल्ली सांभाळणारी) बदलते, त्यामुळे दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना विंडोज हीच की मागणार. ती नसेल तर डेटा गेला, कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही.

मग वायफाय बंद, ब्राइटनेस कमी, आणि टॅलीचा डेटा फोल्डर सगळ्यात आधी पेनड्राइव्हवर.

माणिक_पुणे
मी तर म्हणेन एसएसडीच काढून ठेवा. फक्त कंपनीला आधी ईमेल करून 'स्टोरेज काढून पाठवलं तर चालेल का' हे लेखी घ्या, प्रत्येकाचे नियम वेगळे असतात. काही मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हा मार्ग नाही.

मागचं कव्हर उघडताना कडेच्या क्लिपा जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडवा, लोखंडी पेचकसाने कड फुटते. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. एसएसडी बहुतेक वेळा २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब असते, टोकाला एकच बारीक स्क्रू. तो काढला की पट्टी तिरकी वर येते, तशीच सरळ ओढा.

एनव्हीएमईचं यूएसबी केस (एसएसडी बसवून यूएसबीला जोडायची डबी) घेतलंत तर बॅटरीची चिंताच संपली, बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर निवांत घेता येतो. पण केस फक्त साटाचं (जुन्या प्रकारच्या जोडणीचं) असेल तर डिस्क दिसणारच नाही. एन्क्रिप्शन चालू असेल तर तिथेही ती ४८ आकडी की लागेल.

सायली_ठाणे
एन्क्रिप्शन चालू आहे, की उतरवली. पण सेंटर म्हणतं, एन्क्रिप्शन बंद करून द्या.

पेचकस
अजिबात नको. तात्पुरतं 'सस्पेंड' केलं तरी कुलुपाची किल्ली डिस्कवरच उघडी राहते. चार्जिंगचा दोष तपासायला विंडोजमध्ये शिरावं लागत नाही, बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधलं) डायग्नोस्टिक पुरतं. फारच अडून बसले तर 'टेस्ट' नावाचं स्टँडर्ड अकाउंट करून द्या, ॲडमिन नाही.

रेवती_के
पासवर्ड न देण्याला कारण आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मुद्दाम किरकोळ बिघाड केलेले लॅपटॉप दुरुस्तीला दिले होते. सहा ठिकाणी खासगी फाइल्स चाळल्या गेल्या, त्यातल्या दोन ठिकाणी तर कॉपीही केल्या.

आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, एवढाच तो असतो. नाव तर जॉबशीटवरच (दुरुस्तीच्या नोंदपत्रकावरच) असतं.

लॅपटॉप पूर्ण बंद पडला तरी फोनवरून दोन गोष्टी करता येतात: व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून लॅपटॉप लॉगआउट, आणि गूगल अकाउंटच्या 'युअर डिव्हाइसेस'मधून साइनआउट. डिजिटल सहीचा टोकन यूएसबीत राहिला नाही ना, तेही बघा.

माणिक_पुणे
पिकअपवाल्यासमोर जॉबशीटवर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि 'एसएसडी काढलेली, ग्राहकाकडे' असंही. फोटो काढा. नाहीतर परत आल्यावर डिस्क कुठे गेली यावरून वाद होतो. एसएसडीच्या टोकाचा तो बारीक स्क्रू सेलोटेपने एसएसडीलाच चिकटवून ठेवा, सुटा मिळायला कठीण.